मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचं?

दर काही महिन्यांनी अमेरिकेचा एक नकाशा कुणीतरी ग्रुपवर टाकतं. इंग्रजी आणि स्पॅनिश वगळली तर प्रत्येक राज्यात सगळ्यात जास्त बोलली जाणारी भाषा कोणती, एवढंच त्यात दाखवलेलं असतं. टेक्सासवर व्हिएतनामी, लुइझियानावर फ्रेंच, ॲरिझोनावर नवाहो, नॉर्थ डकोटावर जर्मन. लोक थोडा वेळ चकित होतात, ‘अरे, जर्मन अजून?’ असं कुणीतरी लिहितं आणि गाडी पुढे जाते. या प्रकारचा सगळ्यात गाजलेला नकाशा 2014 साली बेन ब्लाट यांनी ‘स्लेट’ या नियतकालिकासाठी केला होता. त्यानंतर त्याच्या अनेक नकला निघाल्या.

माझा पगार आकड्यांचे तक्ते इकडून तिकडे नेण्याचा आहे. त्यामुळे असा नकाशा पाहिला की मला आधी प्रश्न पडतो तो हा, की मूळ फॉर्मवर काय विचारलं होतं? नकाशा हेही एक लेखनच असतं. कुणीतरी काही शब्द निवडलेले असतात, काही गाळलेले असतात. म्हणून त्याची समीक्षाही करता यायला हवी. ती करताना मी अमेरिकेत फार वेळ थांबणार नाही, कारण हा प्रश्न माझ्या घरच्या ओटीवर जास्त चांगला कळतो, आणि ते घर मालवण तालुक्यात आहे.

तरी आधी तो नकाशा. अमेरिकेच्या जनगणना खात्याचं एक वार्षिक नमुना सर्वेक्षण असतं. त्यात पाच वर्षांवरच्या प्रत्येकासाठी तीन प्रश्न असतात: ही व्यक्ती घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलते का? ती कोणती? आणि इंग्रजी कितपत बोलते? दुसऱ्या प्रश्नापुढे कोरी ओळ असते. लिहायचं ते आपल्या हातानं. आता गंमत बघा. चिनी माणसांपैकी कुणी त्या ओळीवर ‘मँडरीन’ लिहितो, कुणी ‘कँटनीज’ आणि पुष्कळ जण नुसतं ‘चिनी’. या तीन नोंदी वेगवेगळ्या मोजल्या, तर कॅलिफोर्नियात पहिला नंबर फिलिपिन्सच्या तगालोगचा लागतो. एकत्र मोजल्या, तर चिनीचा. ‘स्लेट’च्या नकाशात कॅलिफोर्नियावर तगालोग आहे. म्हणजे राज्यातला एकही माणूस न हलता, एकही शब्द वेगळा न बोलता राज्याची ‘तिसरी भाषा’ बदलू शकते. बदलतं ते फक्त गठ्ठे बांधणाऱ्याचं मत.

नकाशाचा दोष हा, की तो हे सांगत नाही. रंग भरला की गठ्ठ्याची दोरी दिसेनाशी होते.

असाच नकाशा महाराष्ट्राचा करावा, असं मला एकदा वाटलं. मराठी वगळून प्रत्येक जिल्ह्यातली पहिली भाषा. माहिती भारताच्या जनगणनेत आहेच. विदर्भापासून सुरुवात केली, खाली सिंधुदुर्गात आलो आणि अडलो. कारण तिथे प्रश्न दुसऱ्या भाषेचा नव्हताच. पहिल्या भाषेचाच होता.

सिंधुदुर्गाची 2011 ची लोकसंख्या 8,49,651. यातल्या बहुसंख्यांची मातृभाषा कागदावर मराठी. पण देवगडपासून दोडामार्गापर्यंत एसटीत, बाजारात, रापणीवर, देवळाच्या सभामंडपात तुम्हाला जे ऐकू येईल ते मालवणी असेल. ज्या जिल्ह्यात ती ‘सगळ्यात जास्त बोलली जाणारी’ आहे, त्या जिल्ह्याच्या नकाशावर ती बहुतेक नाहीच. आता अल्पसंख्य भाषा म्हणायची तरी कुणाला?

भारतीय जनगणनेचा प्रश्न अमेरिकी प्रश्नापेक्षा वेगळा आहे, आणि माझ्या मते जास्त हळवा आहे. तो घरी काय बोलता हे विचारत नाही, मातृभाषा विचारतो. तिची व्याख्याही दिलेली आहे: लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली ती. आई लहानपणीच वारली असेल तर घरात जी मुख्यतः बोलली जात होती ती. प्रगणकाला सूचना अशी, की माणूस जे नाव सांगेल तेच लिहायचं. ती भाषा आहे की बोली, हे आपण ठरवायचं नाही. त्यानंतर येत असलेल्या आणखी दोन भाषांसाठी जागा असते.

2011 साली आमच्याकडे गणनेला जे गुरुजी आले, ते आमच्याच पंचक्रोशीतले. मी तेव्हा आठवीत होतो. चहा झाला, पावसाचं झालं, काजूच्या दराचं झालं. हे सगळं अर्थात मालवणीत. मग मातृभाषेचा रकाना आला. बाबा म्हणाले, “मराठी लिवा, गुरुजी.” गुरुजी म्हणाले, “ता मी आधीच लिवलंय.” आजी आतून म्हणाली, “आमी मालवणी बोलतंव मां?” दोघंही हसले. गुरुजी तिला म्हणाले, “आये, ता बोलूचा, ह्या लिवूचा.” पुढचा रकाना सुरू झाला.

गुरुजींनी नियम मोडला असं म्हणता येणार नाही. कुटुंबप्रमुखानं मराठी सांगितलं, त्यांनी मराठी लिहिलं. पण त्यांनी आजीला जे उत्तर दिलं, ते बोलायचं आणि हे लिहायचं, त्यात आमच्या भाषेची सगळी व्यवस्था येते. आणि व्याख्येप्रमाणे पाहिलं तर घरात बरोबर उत्तर फक्त आजीनं दिलं होतं.

समजा, गुरुजींनी ‘मालवणी’ लिहिलं असतं. मग तिचं काय झालं असतं? 2011 च्या गणनेत लोकांनी सांगितलेली भाषानावं 19,569 होती. स्पेलिंगं, पर्यायी नावं, गावांची-जातींची नावं हे सगळं चाळून, गाळून त्यांतून 1,369 मातृभाषा काढल्या गेल्या. त्यांपैकी दहा हजारांवर बोलणारे असलेल्यांचे गठ्ठे बांधून 121 ‘भाषा’ झाल्या: आठव्या अनुसूचीतल्या 22 आणि बाहेरच्या 99. या गठ्ठ्यांत मालवणी कुठे आहे? मराठीत नाही. ती कोकणीत आहे.

हे आमच्याकडे कुणाला सांगितलं की प्रतिक्रिया दोन प्रकारच्या येतात. एक, ‘शक्यच नाही.’ दुसरी, ‘बघ, म्हणून मराठीच लिहायचं.’ दुसरी प्रतिक्रिया समजून घेण्यासारखी आहे. सिंधुदुर्गाच्या माणसानं शाळा मराठीत केली, वर्तमानपत्र मराठीत वाचलं, गिरणगावात मराठी माणूस म्हणून मोर्चे काढले. शेजारी गोव्यात 1967 चा जनमत कौल झाला, त्यात मराठी-कोकणी हा वाद किती तापला हे जुन्या लोकांना आठवतं. 1975 साली साहित्य अकादमीनं कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं, 1987 साली ती गोव्याची राजभाषा झाली, 1992 साली आठव्या अनुसूचीत गेली. या प्रत्येक पायरीला आमच्या बाजूच्या पुष्कळांना आपल्या घरातलं काहीतरी कुणी नेत असल्यासारखं वाटलं होतं. त्या माणसाला आज सांगायचं, की तू ‘मालवणी’ म्हणालास तर मराठीतून एक वजा आणि कोकणीत एक अधिक. तो कशाला म्हणेल?

आणि हा हिशेब किरकोळ नाही. कोकणीची देशातली नोंद 2001 मध्ये 24,89,015 होती, 2011 मध्ये 22,56,502. दहा वर्षांत सव्वादोन लाखांहून अधिक घट. अनुसूचीतल्या फार थोड्या भाषांची संख्या या काळात घटली आहे. यावरून कोकणी मरते आहे, असे लेख येतात. पण सिंधुदुर्गातल्या निम्म्या लोकांनी जरी उद्या ‘मालवणी’ लिहिलं, तरी सव्वाचार लाखांची भर पडेल आणि ती सगळी घट पुसली जाऊन कोकणीचा आलेख वर जाईल. गोव्यात, कारवारात एकही माणूस जास्त कोकणी बोलायला लागलेला नसेल. भाषा मेल्याची आणि जगल्याची बातमी ज्या आकड्यावरून आपण देतो, तो आकडा इतका नावावर टांगलेला आहे.

मग खरं काय? मालवणी मराठीची की कोकणीची? ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, 1905 मध्ये, ती ‘कुडाळी’ या नावानं कोकणीखाली येते, आणि तिथे कोकणीच मराठीखाली येते. म्हणजे त्या झाडात दोघांचंही समाधान होतं. पुढे कोकणीची फांदी स्वतंत्र झाड म्हणून लावली गेली आणि मालवणी फांदीबरोबर गेली. गणेश देवींच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. त्यात मात्र ती मराठीच्या रूपांमध्ये आहे. संगणकाच्या जगात आयएसओची भाषा-संकेतांकांची यादी चालते. तिच्यात वऱ्हाडीला स्वतःचा संकेतांक आहे, अहिराणीला आहे, मालवणीला नाही. तीन याद्या, तीन उत्तरं.

कानानं ऐकलं तर भाषा स्वतःच उत्तर देते. ‘माका’, ‘तुका’ म्हणताना ती कोकणीच्या बाजूला आहे. ‘घोडो’, ‘मोठो’ असा पुल्लिंगी ओकार, ‘तो येतलो’ हा भविष्यकाळ, ‘आसा’ हे क्रियापद, हे सगळं गोव्याशी जुळतं. पण स्वतःला ती ‘हांव’ म्हणत नाही. ‘मी’ म्हणते, किंवा ‘मिया’. नकारात ‘नाय’ म्हणते. आमच्या धंद्यात माहिती ठेवायच्या दोन पद्धती असतात. झाडात प्रत्येक फांदीला एकच बुंधा असावा लागतो; जाळ्यात एका गाठीला कितीही धागे जोडता येतात. ग्रियर्सनपासून आजपर्यंत सगळ्यांनी झाड वापरलं. मालवणी ही गाठ आहे. तिला एका फांदीवर बसवायचं म्हटलं की दुसरीकडचे धागे कापावेच लागतात. ती चूक मालवणीची नाही, तक्त्याची आहे.

इथवर दोष जनगणनेवर ढकलणं सोपं होतं. पण हाच तक्ता आमच्या साहित्यानं आणि रंगभूमीनं फार आधी तयार केला होता, आणि तो कुणा साहेबानं लादलेला नव्हता.

दशावतार बघा. लिखित संहिता नाही, नट ऐनवेळी संवाद रचतात, दिवसा शेती नाहीतर मजुरी करणारी ही माणसं रात्री मुकुट घालून अस्खलित, संस्कृतप्रचुर मराठी बोलतात. राजा तसं बोलतो, ऋषी तसं बोलतो, देव तर बोलतोच. मालवणी येते ती संकासुराच्या तोंडी आणि विनोदी पात्रांच्या तोंडी. प्रेक्षक सगळे मालवणी, नट सगळे मालवणी, आणि तरी देवानं मालवणी बोलायचं नाही हे सगळ्यांना मान्य. गुरुजींचं ‘ता बोलूचा, ह्या लिवूचा’ इथे आधीच आहे: ह्या हसूचा, ता पूजूचा.

गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ 1980 मध्ये आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी ते घरोघरी नेलं. त्याचे हजारो प्रयोग झाले. मालवणीला महाराष्ट्रभर कान मिळवून देणारं एकच नाव घ्यायचं तर हेच. मी ते लहानपणी व्हीसीडीवर इतक्यांदा पाहिलं की संवाद पाठ झाले. मोठेपणी पुन्हा पाहताना लक्षात आलं, की त्यातला विनोद दशावताराच्या त्याच नियमावर उभा आहे. गावातली मंडळी महाभारत लावतात आणि पौराणिक पात्रांच्या तोंडून मालवणी बाहेर पडते. हसू फुटतं ते तिथे. नियम मोडला म्हणून हसू येतं, म्हणजे नियम सगळ्यांच्या मनात शाबूत आहे. गावातला प्रेक्षक हसतो तेव्हा तो नियमालाही हसत असतो, कारण मुकुटाखाली कोण आहे ते त्याला माहीत असतं. मुंबई-पुण्यातला, मालवणी न येणारा प्रेक्षक हसतो तेव्हा तो बहुधा भाषेला हसतो. नाटक एकच, हसणी दोन. यात गवाणकरांचा दोष नाही. त्यांनी आमच्यातलं खरं तेच दाखवलं. पण त्यानंतर ज्यांनी फक्त दुसऱ्या हशासाठी मालवणी पात्रं लिहिली, चाळीतला गडी, खानावळवाला, भांडकुदळ म्हातारी, त्यांनी या भाषेला एका कप्प्यात बंद केलं. आज राज्यात ‘मालवणी’ म्हटलं की आधी मसाला आठवतो, मग थाळी, मग विनोद.

गंभीर साहित्यातही वाटणी फारशी वेगळी नाही. चिं. त्र्यं. खानोलकर, जयवंत दळवी, मंगेश पाडगावकर: या एवढ्याशा पट्ट्यानं मराठीला काय दिलं त्याची ही नुसती तीन नावं. तिघांनीही लिहिलं प्रमाण मराठीत. दळवींच्या आरवलीच्या माणसांचं बोलणं कानाला आमचं लागतं, पण त्यांच्याविषयी सांगणारा आवाज प्रमाण मराठीचा असतो. पात्रं मालवणी बोलतात, निवेदक मराठी. म्हणजे मालवणीला बोलण्याचा हक्क आहे, सांगण्याचा नाही. जग कसं आहे, माणूस असा का वागला, मरण म्हणजे काय, हे सांगायची वेळ आली की भाषा बदलते. अपवाद आहेत. महेश केळुसकरांनी मालवणीत कविता लिहिली. प्रवीण बांदेकरांच्या ‘चाळेगत’चं शीर्षकच इथल्या देवस्कीच्या भाषेतून येतं, आणि त्या कादंबरीत मालवणी हशासाठी येत नाही, खाणी, जमिनी, राजकारण यांच्याबद्दल बोलायला येते. मला ती कादंबरी मोठी वाटते त्याचं हे एक कारण आहे.

2016 मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आली. आकेरीतला वाडा घराघरांत पोचला. कोकणी माणूस म्हणजे भुतंखेतं, असं दाखवलं म्हणून आमच्याकडे ओरड झाली. माझी तक्रार वेगळी आहे. तिच्यातली मालवणी सगळ्या महाराष्ट्राला कळावी म्हणून इतकी पातळ केलेली होती, की क्रियापदांची शेपटं तेवढी आमची आणि बाकी सगळं मराठी. आमच्या शेजारची मुलं हळूहळू तशीच मालवणी बोलायला लागली. ज्या भाषेला शाळा नाही, कोश हाताशी नाही, तिचं प्रमाण रूप टीव्हीनं ठरवलं.

एवढं सगळं बोलून मला मागायचं काय आहे? मालवणीला अनुसूचीत घाला, असं मी म्हणत नाही. ती मराठीहून वेगळी, असंही नाही. मी हा लेख ज्या भाषेत लिहितो आहे ती माझीच आहे, कुणाकडून उसनी आणलेली नाही. मागणं लहान आहे. मातृभाषेच्या रकान्यात व्याख्येप्रमाणे खरं उत्तर द्यावं, आणि ‘येत असलेल्या इतर भाषा’ या जागेत मराठी लिहावी. ती जागा त्यासाठीच आहे. भोजपुरीवाल्यांनी हे केलं. त्यांची भाषा हिंदीच्या गठ्ठ्यात आहे, पण पाच कोटींहून अधिक लोकांनी ‘भोजपुरी’ असं नाव घेतल्यामुळे गठ्ठ्याच्या आतही ती दिसते. खान्देशातल्या लोकांनी ‘अहिराणी’ सांगितलं. आज खान्देशी ही जनगणनेत स्वतंत्र भाषा आहे, 18 लाखांवर नोंदीची. म्हणून मराठीचं काही बिघडलं नाही. सव्वाआठ कोटींवर नोंद असलेली भाषा चार लाखांनी डळमळणार नाही. चार लाखांची भाषा मात्र शून्यानं संपते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ‘मालवणी’ लिहिलं तर ती कोकणीत मोजतात, आणि ते आम्हाला मान्य नाही, त्याचं काय? माझं उत्तर: गठ्ठ्यावर भांडायला आधी आकडा लागतो. दोनशे माणसांनी नाव सांगितलेल्या भाषेचा गठ्ठा कुठला, हे विचारायलाही कुणी बसत नाही. तक्त्यात गठ्ठ्याखाली मातृभाषेची ओळ स्वतंत्र छापली जाते. आपण वाचायची ती ओळ. नकाशा काढणाऱ्यांनीही तीच वाचायला हवी.

पुढची गणना 2027 ची आहे, पहिल्यांदाच डिजिटल, आणि ज्यांना हवं त्यांना आपली माहिती स्वतः भरता येणार आहे. म्हणजे मधे गुरुजी नसतील. मी असे फॉर्म बनवतो, त्यामुळे मला ठाऊक आहे की कोऱ्या जागेत माणूस एक लिहितो आणि यादीतून निवडायला सांगितलं की दुसरंच निवडतो. यादीत वर ‘मराठी’ दिसलं की बोट तिथेच जाणार. म्हणून ही गोष्ट फॉर्म उघडायच्या आधी घरात बोलून घ्यायला हवी.

माझी आतेबहीण न्यू जर्सीत असते. तिच्याकडे एकदा ते अमेरिकी सर्वेक्षण आलं होतं. घरी इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता, पुढे कोरी ओळ. तिनं ‘मराठी’ लिहिलं. मी तिला विचारलं, तू आणि आत्ये रोज रात्री व्हिडीओवर कशात बोलता? ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, “अरे, पण ता लिवूक कोणी सांगलाच नाय.”

आजी आता नाही. फेब्रुवारीत फॉर्म आला की मी बाबांना विचारणार आहे, की तुमची आई तुमच्याशी कशात बोलायची. उत्तर त्यांनी द्यायचं. मी फक्त टाइप करीन.